कॉफीमागची वेठबिगारी जगासमोर आणली आणि या डच साहेबाचं आयुष्यच उलटंपालटं झालं

सध्या रील्सवर कॉफीचं जे काही चाललंय ते तुम्ही बघतच असाल. पाकिटावर डोंगराचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, शेतकऱ्यांच्या गटाचं नाव, फळ धुतलं की सालासकट वाळवलं याची माहिती. याला म्हणतात सिंगल ओरिजिन. म्हणजे सगळ्या बिया एकाच भागातल्या, चार देशांचा माल एकत्र केलेला नाही.

या पाकिटांमध्ये एक नाव बऱ्याचदा दिसतं, जावा प्रिआंगर.

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पश्चिम भागातले हे डोंगर. बांडुंग शहराच्या आसपास, हजार-दीड हजार मीटर उंचीवर, छोटे शेतकरी इथं अरेबिका कॉफी पिकवतात. बऱ्याच ठिकाणी जमीन सरकारी वनकंपनीची आणि वर सावलीला पाइनची झाडं. आपल्या हापूसला आहे तसा या कॉफीला जीआय टॅगसुद्धा आहे. आणि जावा हे नाव कॉफीला इतकं चिकटलंय की इंजिनिअरिंगच्या पोरांना झोपू न देणाऱ्या जावा या प्रोग्रामिंग लँग्वेजचा लोगोसुद्धा वाफाळता कप आहे.

पण १८०-१९० वर्षांपूर्वी याच डोंगरातल्या शेतकऱ्यांना कॉफी लावायची की नाही, हे ठरवायचा अधिकार नव्हता. भाव ठरवायचाही नव्हता. ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिणाऱ्यांना जावा हे नाव पाठ होतं, पण झाडाखाली राबणारा माणूस कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

तो माणूस डच लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन उभा करणाऱ्याचं नाव एडुआर्ड डाउवेस डेकर. जग त्याला मुल्टाटुली म्हणून ओळखतं.

आधी ही कॉफी तिथं पोचली कशी ते बघू

यात आपला भारत येतो. १६९६ साली डचांनी मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावात नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती जगली. १७११ मध्ये जावाची पहिली कॉफी ॲमस्टरडॅमला पोचली आणि युरोपच्या बाजारात येमेनच्या मोखा बंदराची जी मक्तेदारी होती तिला धक्का बसला.

सुरुवातीला डच ईस्ट इंडिया कंपनी प्रिआंगरच्या स्थानिक सरदारांकडून ठरलेल्या भावात कॉफी उचलायची. सरदार ती शेतकऱ्यांकडून वसूल करायचे. कंपनी बुडाली, कारभार डच सरकारकडे आला आणि १८३० मध्ये योहानेस व्हॅन डेन बॉश नावाच्या गव्हर्नर जनरलनं हाच प्रकार सगळ्या जावाभर लागू केला. नियम कागदावर साधा होता. गावानं आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारला हव्या त्या पिकाला द्यायचा, नाहीतर वर्षातले ६६ दिवस सरकारी मळ्यात राबायचं.

कॉफीच्या बाबतीत तर पाचव्या हिश्श्याचा प्रश्नच नव्हता, कारण कॉफी भातखाचरात येत नाही. ती वर डोंगरात. मग प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला ठरावीक झाडं लावून दिली जायची. घरापासून लांब चढून जायचं, झाडं लावायची, निगा राखायची, फळं तोडायची, वाळवायची आणि सरकारी गोदामापर्यंत नेऊन टाकायची. भाव सरकार सांगेल तो. ६६ दिवसांचा हिशोब कागदावरच राहायचा.

आता यातली खरी मेख ऐका. डच अधिकारी आणि स्थानिक सरदार, दोघांनाही गोदामात पडणाऱ्या मालावर कमिशन मिळायचं. म्हणजे ज्यानं जुलूम थांबवायचा, त्याचाच पगार जुलूम वाढला की वाढायचा. अशा व्यवस्थेत तक्रार वर जाणार तरी कशी?

गेली नाहीच. १८४० च्या दशकात जावात चेरिबोन, डेमाक, ग्रोबोगान या भागांत भीषण दुष्काळ पडले, माणसं मेली, गावं ओस पडली. तिकडे हॉलंडमध्ये मात्र कर्जं फिटत होती आणि रेल्वे बांधली जात होती. एका टप्प्यावर डच सरकारच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश हिस्सा या एका वसाहतीतून येत होता. माल विकायचं काम होतं नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटी या कंपनीकडे. राजाच्या पुढाकारानं १८२४ मध्ये निघालेली ही कंपनी पुढं बँक झाली आणि विलीनीकरणं होत होत आजच्या एबीएन ॲम्रो बँकेत सामावली.

(जाता जाता. जगातली सगळ्यात महागड्यांपैकी एक असलेली लुवाक कॉफी, म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून गोळा केलेल्या बियांची, तिचा जन्मही याच काळातला सांगतात. शेतकऱ्यांना स्वतः पिकवलेली कॉफी तोडून प्यायला बंदी होती, म्हणून त्यांनी जमिनीवर पडलेल्या या बिया धुऊन वापरल्या, अशी कथा आहे.)

तर हा डेकर कोण?

२ मार्च १८२० चा जन्म, गाव ॲमस्टरडॅम. वडील जहाजाचे कप्तान. घरच्यांना पोरगा धर्मोपदेशक व्हावा असं वाटत होतं, पण त्याचं शाळेत मन लागलं नाही. काही दिवस कापडाच्या पेढीवर कारकुनी केली. तीही जमेना. शेवटी वडिलांनी त्याला आपल्याच जहाजात घातलं आणि १८३९ च्या जानेवारीत हा अठरा वर्षांचा गडी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला उतरला.

हिशोब तपासणीच्या कचेरीत नोकरी लागली. गंमत म्हणजे पैशाच्या हिशोबात हा आयुष्यभर कच्चा राहिला. १८४२ मध्ये सुमात्रा बेटावरच्या नाताल या आडगावात कंट्रोलर म्हणून गेला आणि तिथं सरकारी तिजोरीत तूट निघाली. चोरी नव्हती, गलथानपणा होता. पण वरिष्ठ जनरलशी वाकडं होतंच, त्यानं निलंबित केलं. पाडांग शहरात कित्येक महिने डेकरनं उपासमारीत काढले. वरच्या साहेबाची मर्जी फिरली की खालच्या माणसाचं काय होतं, हे त्याला पहिल्यांदा तिथं कळलं असावं.

१८४६ मध्ये त्यानं एव्हर्डीन व्हॅन वाइनबर्गनशी लग्न केलं. सगळे तिला टीना म्हणायचे. चांगल्या घरातली मुलगी होती, पण हातात पैसा नव्हता. पुढं बदल्या होत गेल्या. जावा, मग मनाडो, मग आंबोन. कामात हुशार म्हणून नाव झालं. १८५२ मध्ये रजेवर हॉलंडला गेला तेव्हा तिथं त्यानं असा काही पैसा उधळला की परत येताना डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. दिसेल त्याला मदत करायची सवय आणि जुगाराची चटक, दोन्ही एकाच माणसात होत्या.

आणि मग आलं लेबाक.

अडीच महिन्यांची नोकरी

लेबाक हा पश्चिम जावातला बांटाम प्रांताचा जिल्हा, मुख्य ठिकाण रांगकासबितुंग. १८५६ च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल ड्यूमार व्हॅन ट्विस्ट यांनी डेकरला इथं असिस्टंट रेसिडेंट म्हणून पाठवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर असिस्टंट कलेक्टर. त्याच्या वर प्रांताचा रेसिडेंट आणि बरोबरीनं स्थानिक रीजंट.

रीजंट म्हणजे परंपरेनं चालत आलेला सरदार. डच सगळा कारभार त्याच्या तोंडून करायचे. लेबाकचे रीजंट होते कार्ता नाता नगारा. वय झालेलं, गोतावळा मोठा, इभ्रत मोठी आणि उत्पन्न तोकडं. मग ही तोंडमिळवणी कुठून व्हायची? तर लोकांना फुकट राबायला बोलावून आणि त्यांच्या म्हशी-रेडे उचलून.

कोकणात भातखाचरात रेड्यांचं जोत धरलेल्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नांगराचं जनावर गेलं म्हणजे त्या वर्षीचं भात गेलं.

डेकरला कचेरीत आधीच्या अधिकाऱ्याची टिपणं सापडली. कारोलुस नावाचा हा अधिकारी नुकताच मेला होता. त्यानंही हेच सगळं टिपून ठेवलं होतं. त्याच्या विधवेला संशय होता की नवऱ्यावर विषप्रयोग झाला. नंतरच्या अभ्यासकांना यकृताच्या आजाराची शक्यता जास्त वाटते. पण डेकरनं ही गोष्ट ऐकली तेव्हा त्याच्या घरात बायको होती आणि लहान मुलगा होता. तो कसा घाबरला असेल याची कल्पना करा.

त्यातच शेजारच्या चियांजूरचे रीजंट, नात्यातलेच, मोठा लवाजमा घेऊन पाहुणे येणार असं ठरलं. पाहुणचारासाठी पुन्हा लोक वेठीला धरले गेले.

२४ फेब्रुवारी १८५६. जिल्ह्यात येऊन महिना-सव्वा महिना झालेल्या डेकरनं रेसिडेंट ब्रेस्ट व्हॅन केम्पेन यांना पत्र लिहून रीजंटवर थेट आरोप ठेवला. मागणी अशी की चौकशी पूर्ण होईपर्यंत रीजंटला जिल्ह्याबाहेर हलवा, कारण तो इथं असेपर्यंत एकही शेतकरी तोंड उघडणार नाही.

रेसिडेंट म्हणाले, आधी पुरावे दे. डेकर म्हणाला, आधी त्याला हलवा.

आता यात चूक कुणाची? कागदोपत्री बघायचं तर डेकरची. चार आठवड्यांत एवढा मोठा आरोप, पुरावे द्यायला नकार, वरिष्ठांना न जुमानणं. पण गावातल्या पाटलाविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आलेल्या कुठल्याही कुळाला विचारा, डेकर काय म्हणत होता ते लगेच कळेल. प्रकरण गव्हर्नर जनरलपर्यंत गेलं. त्यांनी डेकरला फटकारून न्गावीला बदली केली. डेकरनं बदली घेतली नाही. २९ मार्चला राजीनामा टाकला, ४ एप्रिलला तो मंजूर झाला. १७ वर्षांची नोकरी संपली, पेन्शनही गेलं.

आणि नंतर सरकारनं गुपचूप चौकशी केली तेव्हा आरोपांमध्ये तथ्य निघालं. खालच्या काही अंमलदारांना काढलं, रीजंटला समज दिली आणि विषय मिटवला.

ब्रुसेल्सची थंड खोली

पुढची तीन वर्षं डेकरनं वणवण केली. गव्हर्नर जनरलला भेटायचा प्रयत्न केला, भेट मिळाली नाही. १८५७ मध्ये तो एकटाच युरोपात परतला. टीना आणि मुलं जावात त्याच्या भावाच्या आश्रयाला. डेकर जर्मनीतल्या जुगारखान्यांत नशीब आजमावत फिरत होता.

१८५९ च्या शरद ऋतूत तो ब्रुसेल्समधल्या एका स्वस्त खानावळीच्या खोलीत बसला. शेकोटीला पैसे नव्हते. तिथं साधारण महिनाभरात त्यानं एक कादंबरी लिहून काढली. लेखक म्हणून नाव घेतलं मुल्टाटुली. लॅटिनमध्ये याचा अर्थ, मी खूप सोसलंय.

कादंबरीचं नाव मॅक्स हावेलार. उपशीर्षक, नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटीचे कॉफी लिलाव.

पुस्तकाची सुरुवात करतो ड्रोगस्टोपेल नावाचा ॲमस्टरडॅमचा कॉफी दलाल. देवभीरू, हिशोबी, कविता-बिवितांचा तिटकारा असलेला, स्वतःच्या सचोटीवर खूश. त्याला कॉफीवर पुस्तक काढायचंय. त्याच्या हातात एका फाटक्या माणसाची कागदपत्रं येतात आणि त्यातून हळूहळू लेबाकची गोष्ट बाहेर पडते. म्हणजे नाव वाचून भाव-बाजाराचं पुस्तक म्हणून ज्यानं ते उघडलं, त्याला आतमध्ये भेटला वेठीला धरलेला शेतकरी. पुस्तकातली मुख्य तक्रार कॉफीच्या झाडांची नाहीच, ती आहे फुकटच्या राबणुकीची आणि पळवलेल्या रेड्यांची. पण घाव कुठं घालायचा हे डेकरला बरोबर कळलं होतं. डच माणूस रोज सकाळी जे पितो, त्यावरच त्यानं बोट ठेवलं.

याच पुस्तकात साइजा आणि अदिंदाची गोष्ट आहे. साइजाच्या बापाचा रेडा उचलून नेतात, घरातली वडिलोपार्जित वस्तू विकून दुसरा आणतात, तोही जातो. घर मोडतं. साइजा पैसे कमवायला बटाव्हियाला जातो, तीन वर्षांनी परत येईन असं अदिंदाला सांगून. परत येतो तेव्हा ती नसते. तिच्या बापाचाही रेडा गेलेला असतो, कुटुंब पळून बंडखोरांमध्ये सामील झालेलं असतं. शेवटी ती त्याला सापडते ती डच सैनिकांनी मारलेल्या लोकांमध्ये. इंडोनेशियात आजही ही गोष्ट लोकांना माहीत आहे.

पुस्तक छापण्याआधीचा एक किस्सा मात्र डेकरच्या भक्तांना फारसा आवडत नाही. त्यानं सरकारपुढं सौदा ठेवला होता. मला जावात रेसिडेंटचं पद द्या, पेन्शनची वर्षं धरा, मानाचा किताब द्या, मी पुस्तक मागे घेतो. मंत्र्यांनी वेस्ट इंडिजकडं काहीतरी बघू असं सुचवलं. डेकरनं नाकारलं आणि पुस्तक बाहेर आलं. उपाशी बायको-पोरं असलेल्या माणसाला यावरून नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यानं स्वतःला जेवढं निःस्वार्थी रंगवलं तेवढा तो नव्हता, हेही खरं.

१८६० च्या मे महिन्यात पुस्तक प्रकाशित झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्याकडं बंगालमध्ये दीनबंधू मित्रांचं नीलदर्पण हे नाटक आलं. तिथं कॉफीऐवजी नीळ होती आणि डचांऐवजी इंग्रज मळेवाले.

हॉलंडमध्ये खळबळ उडाली, संसदेत चर्चा झाली. पण डेकरला इथंही फटका बसलाच. छपाईची जबाबदारी घेतलेले प्रसिद्ध लेखक याकोब व्हॅन लेनेप यांनी पुस्तकाचे हक्क स्वतःकडं लिहून घेतले होते. त्यांनी गावांची नावं आणि सालं गाळून तिथं टिंबं टाकली, किंमत सामान्य माणसाला परवडणार नाही अशी ठेवली. डेकर कोर्टात गेला आणि हरला. स्वतःच्या मनासारखी आवृत्ती काढायला त्याला १८७५ पर्यंत थांबावं लागलं.

नाव झालं, घर गेलं

इथून पुढचं आयुष्य वाचताना वाईट वाटतं. डेकर हॉलंडचा सगळ्यात गाजलेला लेखक झाला. विचारांचे सात खंड लिहिले, त्यात धर्म, शिक्षण, स्त्रियांचे हक्क, सगळ्यावर झोड उठवली. एक नाटक लिहिलं, ते रंगमंचावर चाललंही. पण पैसा हातात टिकला नाही. रुलेटमध्ये हमखास जिंकायची पद्धत आपल्याला सापडेल या भ्रमात तो जर्मनीत टेबलांवर बसून राहिला.

टीना मुलांना घेऊन कधी ओळखीच्यांकडं, कधी देणगीवर दिवस काढत होती. डेकरच्या आयुष्यात तोवर मिमी नावाची तरुणी आली होती. टीना शेवटी इटलीला निघून गेली आणि १८७४ मध्ये व्हेनिसमध्ये वारली. पुढच्या वर्षी डेकरनं मिमीशी लग्न केलं. जावातल्या अनोळखी शेतकऱ्यांसाठी सगळं पणाला लावणाऱ्या माणसाच्या हिशोबात टीनाचं खातं कायम उधारीचंच राहिलं. तिनं सोसलं ते कुठल्या टोपणनावात आलं नाही.

आणि राजकारण? उदारमतवाद्यांनी त्याचं पुस्तक उचलून धरलं, कारण त्यांना सरकारी सक्तीच्या जागी खासगी मळेवाले हवे होते. डेकर त्यांच्यावरही उखडला. १८६२ मध्ये त्यानं मुक्त मजुरीच्या या घोषणेविरुद्धच पुस्तिका लिहिली. मालक बदलल्यानं मजुराचं काय भलं होणार, हा त्याचा मुद्दा. १८७० मध्ये कायदे बदलले, सक्तीची बरीच पिकं गेली, खासगी कंपन्या आल्या. कॉफीची सक्ती मात्र काही भागांत विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली.

बरं, डचांनी जावा सोडून जावं, असं डेकरनं म्हटलं नाही. त्याला चांगलं राज्य हवं होतं, स्वराज्य नाही. शिवाय त्याचा आरोप स्थानिक रीजंटवर होता. रीजंटला कमिशनची चटक लावणारी व्यवस्था डचांची होती, ती पुस्तकात येते, पण खटला उभा राहतो म्हाताऱ्या सरदारावर. इंडोनेशियातले काही अभ्यासक आजही हे बोलून दाखवतात आणि त्यात चूक काही नाही.

१९ फेब्रुवारी १८८७ रोजी जर्मनीतल्या नीडर-इंगेलहाइममध्ये डेकर गेला. दम्यानं बेजार होता. त्याची इच्छा दहनाची होती. हॉलंडमध्ये तेव्हा त्याची सोय नव्हती, म्हणून गोथा शहरात दहन झालं.

नंतरची दोन नावं

त्याच्या भावाचा नातू अर्नेस्ट डाउवेस डेकर जावातच जन्मला. आजोबांच्या भावाला जे सुचलं नाही ते त्यानं केलं. १९१२ मध्ये त्यानं इंडीजच्या स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष काढला. पहिल्या महायुद्धात तो भारतीय क्रांतिकारकांच्या गदर कटाच्या प्रकरणात पकडला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला. इंडोनेशिया त्याला सेतियाबुदी या नावानं ओळखतो.

दुसरं नाव तुम्ही कदाचित पाकिटावर बघितलं असेल. १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात डोंगरातले आदिवासी कॉफी शेतकरी दलालांना कंटाळून एकत्र आले. त्यांच्यात राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हॅन डर होफ आणि हॉलंडमधल्या एका संस्थेचे निको रोझेन यांनी ठरवलं की या शेतकऱ्यांची कॉफी किमान भावाच्या हमीनं सुपरमार्केटमध्ये न्यायची. त्यासाठी शिक्का हवा होता, नाव हवं होतं. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी नेदरलँड्समध्ये तो शिक्का आला. नाव ठेवलं मॅक्स हावेलार. आज फेअरट्रेड म्हणून जी चळवळ जगभर आहे, तिचा हा पहिला शिक्का.

लेबाकमध्ये, त्याच रांगकासबितुंग गावात, २०१८ मध्ये मुल्टाटुलीच्या नावाचं संग्रहालय सुरू झालं. तिथं वसाहतीच्या काळाचा आणि त्याविरुद्धच्या लढ्याचा इतिहास मांडलाय, कॉफीचाही. बाहेर अंगणात पुस्तक घेऊन बसलेला डेकर आहे, आणि त्याच अंगणात साइजा आणि अदिंदाचेही पुतळे आहेत.